चार आणि सहाच्या मधला रस्ता

नोकिया ६६१० या फोनवर जावाचा गेम चालवायचा, तर त्याची फाइल ६४ किलोबाइटच्या आत बसवावी लागे. जराशी मोठी झाली की फोन ती सरळ नाकारायचा. त्या ६४ किलोबाइटमध्ये रस्ता हवा, रस्त्याकडेची झाडं हवीत, आपली गाडी, पुढच्या गाड्या, वळणं, मेन्यू, सुरुवातीची धून, आणि जिच्यावरून भावाभावांत भांडणं होत ती हायस्कोअरची सोयही हवी. पडदा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा, रंग ४०९६, आणि खेळ चालू असताना वापरायला मिळणारी मेमरी सुमारे २०० किलोबाइट. आज सकाळी तुमच्या व्हॉट्सॲपवर उगवता सूर्य आणि गुलाबाचं फूल असलेला जो शुभसकाळ संदेश आला असेल, त्या एका चित्राच्या जागेत असे दोन-तीन गेम सहज मावले असते.

मी त्या काळात पुण्यात मोबाइल गेमच्या पोर्टिंगचं काम करत होतो. एका फोनसाठी तयार झालेला गेम दुसऱ्या फोनवर चालेल असा करून द्यायचा, एवढंच आमचं काम. गेम बनवणारे वेगळे, नाव त्यांचं. आमच्याकडे यायची ती काटछाट. या लेखासाठी जुने फोन पुन्हा गोळा केले, बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्या पालथ्या घातल्या, ड्रॉवरमध्ये पडलेली मेमरी कार्डं चाळली. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. आपल्याकडच्या तालुक्यातालुक्यांतल्या एका अख्ख्या पिढीने आयुष्यातली पहिली गाडी या पडद्यावर चालवली, आणि तिच्यामागची कारागिरी दिवाणखान्यातल्या महागड्या यंत्रांवरच्या खेळांपेक्षा तसूभरही कमी नव्हती. तिची नोंद मात्र कुणी ठेवली नाही.

मोबाइलच्या आधीही गाडीचे गेम होतेच. जत्रेत आणि स्टेशनरीच्या दुकानात ‘९९९९ इन १’ असं छापलेला ब्रिक गेम मिळायचा. त्यात चौकोनी ठोकळ्यांची गाडी डावीकडून उजवीकडे नि उजवीकडून डावीकडे उडी मारायची. ९९९९ मधले बहुतेक गेम एकच असत, फक्त वेग बदललेला. थोड्या बऱ्या परिस्थितीतल्या घरांत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणि पिवळी कॅसेट; तिच्यात कोनामीचा १९८४ सालचा रोड फायटर हमखास. शहरात सायबर कॅफे निघाले तेव्हा तासाला पंधरा-वीस रुपये देऊन रोड रॅश खेळता येऊ लागला, आणि शेजारच्या गाडीवाल्याला साखळीने हाणण्याचं सुख मिळू लागलं. पण कॅफेत पैसे जात, आणि टीव्हीला वीज लागे. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात भारनियमनाची होती. ग्रामीण भागात दहा-बारा तास वीज नसणं ही तक्रार करण्याजोगी गोष्टही उरली नव्हती. वीज असेल तेव्हा चार्ज करून ठेवलेला मोबाइल मात्र अंधारातही चालायचा, वर उजेडही द्यायचा. फोन बहुधा वडिलांचा किंवा मोठ्या भावाचा. घरातल्या मुलींच्या हाती तो सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी वेळ यायचा, हेही इथेच सांगून टाकतो. ज्यांच्या हाती आला त्यांनी आमच्यासारख्यांचे विक्रम मोडले, हे अलाहिदा.

सगळ्याच फोनमध्ये ही चैन नव्हती. २००३ मध्ये आलेला आणि आपल्याकडे घराघरात पोहोचलेला नोकिया ११०० जावा चालवू शकत नव्हता. त्यात जे दोन-चार गेम कंपनीने घातले तेच, त्यात भर टाकण्याची सोयच नाही. जावा असलेला फोन म्हणजे ज्यात बाहेरून गेम टाकता येतो तो. दुकानात फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारण्याआधी पोरं ‘यात जावा आहे ना?’ विचारायची. जावा म्हणजे काय, हे विचारणाऱ्यालाही माहीत नसे नि विकणाऱ्यालाही.

जावा ही प्रोग्रामिंगची भाषा. सन मायक्रोसिस्टिम्सने ती १९९५ मध्ये संगणकांसाठी आणली. १९९९ मध्ये तिची एक कृश आवृत्ती लहान यंत्रांसाठी जाहीर केली. तिच्या गाभ्याचं नाव केव्हीएम. त्यातला ‘के’ किलोबाइटचा, कारण सगळा हिशेब किलोबाइटमध्येच करायचा होता. २००० मध्ये फोनसाठीचे पहिले नियम ठरले, त्यांना एमआयडीपी १ म्हणत. २००२ च्या अखेरीस दुसरी, सुधारित आवृत्ती आली. पहिल्या नियमांत गेमला पूर्ण पडदासुद्धा मिळत नव्हता, वर गेमचं नाव आणि खाली बटणांची पट्टी कायम. नोकियाने त्यासाठी स्वतःची वेगळी सोय दिली, आणि जी सोय नोकियाने दिली ती इतर फोनवर चालत नव्हती. पोर्टिंगवाल्यांचं पोट भरण्याची सुरुवात तिथून झाली.

आता रस्त्याकडे येऊ. या फोनना त्रिमिती कळत नव्हती. खोली, लांबी, दृष्टिकोन, काहीच नाही. चित्र ठेवा, रेघ ओढा, चौकोन भरा, एवढंच येत होतं. तरीही पडद्यावर क्षितिजाकडे निमुळता होत जाणारा महामार्ग दिसायचा, आणि तो डावीकडे वळला की आपण फोनसकट डावीकडे झुकायचो. ही जादू फोनवर जन्मली नाही. नामकोच्या १९८२ च्या पोल पोझिशनमध्ये आणि सेगाच्या १९८६ च्या आउट रनमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर, ती आधी झाली होती. त्या यंत्रांत त्यासाठी खास चिप असत. फोनवाल्यांनी ती युक्ती नुसत्या आकडेमोडीवर पुन्हा उभी केली.

युक्ती अशी. पडद्याच्या मधोमध क्षितिज धरायचं. त्याखालची प्रत्येक आडवी ओळ म्हणजे रस्त्याची एक पट्टी. सगळ्यात खालची ओळ आपल्या बोनेटपुढची, म्हणून रुंद. वर जावं तशी अरुंद, क्षितिजाजवळ जेमतेम दोन ठिपके. कोणती ओळ किती दूरची, हा तक्ता आधीच करून ठेवायचा. मग त्या अंतरानुसार गवताला एक गडद हिरवी पट्टी, एक फिकी. गाडीचा वेग वाढला की फक्त कोणत्या ओळीला गडद नि कोणत्या ओळीला फिका रंग द्यायचा हे भराभर बदलायचं. रस्ता जागचा हलत नाही, गाडीही हलत नाही. रंग सरकतात आणि डोळ्याला वाटतं, आपण सुसाट निघालो. वळण हवं तर खालून वर जाताना प्रत्येक ओळ मागच्या ओळीपेक्षा थोडी जास्त बाजूला ढकलायची. वरच्या टोकाला तो फरक साचत जातो आणि रस्ता कमानीसारखा वाकतो. वळणावर गाडी बाहेर फेकली जाते असं वाटावं म्हणून दर क्षणी तिच्या जागेत एक ठरावीक आकडा मिळवायचा. तो आकडा किती ठेवायचा यावर गेम चांगला की भिकार हे ठरे. काही गेममध्ये वळणावर नुसतं बटण दाबून धरलं की झालं. चांगल्या गेममध्ये वळणाच्या आधीच वेग सोडावा लागे, आणि हे कुणी शिकवत नसे. दोनदा खांबाला धडकलं की अंगठ्याला कळायचं.

यात अडचणींना तोटा नव्हता. फोनमधल्या पहिल्या जावाला दशांश अपूर्णांकच येत नव्हते. दीड म्हणायची सोय नाही. एक किंवा दोन. वेग, वळण, अंतर हे सगळं तर अपूर्णांकांत. म्हणून प्रत्येक संख्या २५६ पट करून लिहायची. दीड म्हणजे ३८४. गुणाकार करायचा, मग उत्तर पुन्हा २५६ ने खाली आणायचं. साइन-कोसाइनही नव्हते, शाळेतल्या लॉगच्या तक्त्यासारखा कोनांचा तक्ता गेममध्येच भरायचा. लांबची गाडी जवळ येताना मोठी दिसायला हवी, पण चित्र लहान-मोठं करण्याचीही सोय नाही. मग एकाच गाडीची चार-पाच मापांची चित्रं काढायची. प्रत्येक चित्राच्या फाइलला सुरुवातीची ठरावीक माहिती जोडावीच लागते, आणि तिचे बाइट फुकट जातात; म्हणून सगळी चित्रं एकाच लांब पट्टीत चिकटवायची आणि खेळताना हवा तेवढा तुकडा कापून दाखवायचा. समोरून येणारी गाडी दुरून गुळगुळीतपणे मोठी न होता टप्प्याटप्प्याने फुगायची, त्याचं कारण हे. आवाजाची गत आणखी वाईट. बहुतेक फोन एका वेळी एकच आवाज काढत. इंजिनाची घरघर हवी की पार्श्वसंगीत, यातलं एक निवडा. निवड सहसा मेन्यूपुरत्या धुनेची व्हायची आणि शर्यत मुकाट चालायची. तसंही आवाज कुणाला हवा होता? गेम उघडल्यावर पहिला प्रश्न ‘साउंड? यस की नो?’ आणि वर्गात मागच्या बाकावर बसलेल्याचं उत्तर ठरलेलं.

जावाची आणखी एक खोड होती. वापरून झालेली मेमरी ती स्वतःच झाडून काढते, पण केव्हा ते तिच्या मर्जीवर. ऐन शेवटच्या फेरीत तिला झाडू मारायची हुक्की आली की गाडी क्षणभर थिजायची, आणि हलायची ती थेट पुढच्या ट्रकवर आदळूनच. म्हणून जाणते प्रोग्रामर जे काही लागणार ते सगळं सुरुवातीलाच मागून ठेवत आणि शर्यतीत नवं काही मागतच नसत. ‘लोडिंग’ची ती पट्टी इतका वेळ का घ्यायची, याचं हेही एक कारण.

सन कंपनीचं घोषवाक्य होतं, एकदा लिहा, कुठेही चालवा. आमच्या धंद्यात त्याची चेष्टा सगळ्या जगात एकच होती: एकदा लिहा, प्रत्येक ठिकाणी दुरुस्त करा. पडद्यांची मापंच बघा. १२८ बाय १२८, १२८ बाय १६०, १७६ बाय २०८, १७६ बाय २२०, २४० बाय ३२०. ही फक्त ठळक. मेन्यूच्या दोन बटणांना फोनच्या आत जो क्रमांक असतो, तो नोकियात डावीकडच्याला उणे ६, मोटोरोलात उणे २१, सीमेन्समध्ये उणे १. म्हणजे नोकियासाठी लिहिलेला गेम मोटोरोलावर उघडला की सुरूच होत नाही, कारण ‘स्टार्ट’चं बटण दाबलं गेल्याचं त्याला कळतच नाही. आमच्या टेबलाचा खालचा खण फोनांनी भरलेला असे. एकेकात गेम टाकायचा, पहिली फेरी पूर्ण करायची, मधेच त्या फोनवर दुसऱ्या फोनवरून कॉल करायचा. कॉल आला की शर्यत थांबली पाहिजे, कॉल संपला की तिथूनच पुढे सुरू झाली पाहिजे. ती न थांबता मागे चालूच राहिली तर गेम नापास. दिवसभर रेसिंग गेम खेळून पगार घेणारा म्हणून नातेवाइकांत माझा हेवा व्हायचा. एकच गेम, एकच पहिलं वळण, आणि तिसाव्या फोनवर तेच वळण घेताना मनात येणारे विचार हेवा करण्याजोगे नव्हते.

हे काम भारतात भरपूर होतं. फ्रान्सच्या गेमलॉफ्टचा हैदराबादला स्टुडिओ होता. मुंबईत इंडियागेम्स १९९९ पासून उभी होती, नझाराही तिथलीच. बाहेरच्यांचे गेम इथल्या फोनांवर बसवता बसवता इथलेही गेम बनू लागले. क्रिकेट आणि सिनेमा यांवरचे गेम देशी कंपन्यांनी ढिगाने काढले. रेसिंगमध्ये मात्र आपण फारशी छाप पाडली नाही, असं माझं मत. सिनेमाच्या नावावर काढलेले मोटारसायकलचे गेम पोस्टरपुरते बरे असत. आतला रस्ता पाहिला की कुणी तरी शुक्रवारच्या प्रदर्शनाची तारीख गाठायला धावत होतं हे कळायचं.

छाप पाडली ती अस्फाल्टने. गेमलॉफ्टचा अस्फाल्ट अर्बन जीटी २००४ मध्ये आला. तो निन्टेन्डो डीएसवर आला, नोकियाच्या एन-गेजवर आला (हा फोन बोलताना कानाला आडवा धरावा लागे आणि धरणारा हास्यास्पद दिसे), आणि साध्या जावा फोनवरही आला. मग एकामागून एक भाग निघत गेले. २००७ मध्ये तिसरा, २००८ मध्ये चौथा, २०१० मध्ये सहावा. खऱ्या कंपन्यांची परवानगी घेऊन खऱ्या गाड्या त्यात घातलेल्या. लॅम्बोर्गिनी हे नाव उच्चारायला लातूर-परभणीकडची पोरं इथे शिकली. पैसे जिंकायचे, गाडी घ्यायची, तिला वेगाचा झटका देणारा नायट्रो बसवायचा. चार दाबलं की डावीकडे, सहा दाबलं की उजवीकडे. गाडी आपोआप पळते, आपण फक्त वळवायची. मधलं पाच नायट्रोचं. जुना कीपॅड फोन हातात आला की मी आधी पाचचा आकडा पाहतो. तो पुसट झालेला असेल, तर आधीचा मालक गाडी चालवत होता.

एकच अस्फाल्ट वेगवेगळ्या फोनवर इतका वेगळा असे की दोघांच्या गप्पा जुळू नयेत. स्वस्त नोकियावर तो मघाचा पट्ट्यापट्ट्यांचा खोटा रस्ता. सोनी एरिक्सनवर मात्र खरी त्रिमिती, कारण त्या फोनांत मॅस्कॉट कॅप्सूल नावाचं जपानी बनावटीचं त्रिमिती इंजिन आधीच घातलेलं असे. २००३ मध्ये फोनवरच्या त्रिमितीसाठी सर्वांना सामाईक नियमही ठरले होते आणि हळूहळू नोकियाच्या बऱ्या फोनांतही ती आली. पण २००४-०५ चा काळ सोनी एरिक्सनवाल्यांचा. के७०० घेतला की आत व्ही-रॅली आयती मिळे, आणि के७५० ज्याच्याकडे असे त्याच्याभोवती कट्ट्यावर गर्दी. त्या त्रिमितीत गाड्या खोक्यांसारख्या कोनाकोनाच्या दिसत आणि भिंतीवरची चित्रं जवळ गेल्यावर वितळल्यासारखी वाकडी होत, हे आज पाहताना जाणवतं. तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या फिशलॅब्स या कंपनीने या त्रिमितीत जे केलं ते मात्र आजही पाहावं. त्यांच्या रॅली मास्टर प्रोमध्ये मातीचा रस्ता आणि गाडीचं घसरणं यांचा मेळ असा बसलाय की ते चार बटणांच्या फोनवर चाललंय यावर विश्वास बसत नाही.

तरीही एकच गेम निवडा म्हणालात, तर मी अस्फाल्ट निवडणार नाही. मी ग्रॅव्हिटी डिफाइड निवडेन.

हे नाव बहुतेकांना आठवणार नाही. सगळे त्याला ‘बाइकचा गेम’ म्हणत. पांढरा पडदा, त्यावर हिरव्या रेघेचे चढउतार, आणि त्यावर काड्यांचा मोटारसायकलस्वार. कोडब्रू या स्वीडिश कंपनीने तो २००४ मध्ये काढला. शर्यत कुणाशीच नाही, फक्त घड्याळाशी आणि गुरुत्वाकर्षणाशी. वेग द्या, ब्रेक मारा, शरीर पुढे झोका, मागे झोका. चढ चढताना पुढे झुकला नाहीत तर गाडी मागे उलटते, आणि उताराला जास्त झुकलात तर तोंडावर. डोकं जमिनीला लागलं की खेळ खलास. अस्फाल्टने चित्रांवर बाइट खर्च केले. इथे चित्रंच जवळजवळ नाहीत, म्हणून सगळी ताकद गणितावर लावलेली. गाडी म्हणजे काही वजनदार बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा, आणि दर क्षणी त्या स्प्रिंगांची ओढाताण फोन खरोखर मोजत असे. त्यामुळे एकच चढ दोनदा चढलात तरी दोन्ही वेळा गाडी अगदी तशीच उसळत नसे. १०० सीसीपासून सुरुवात, मग १७५, २२०, आणि शेवटी ३२५. वर जावं तशी गाडी जास्त ताकदीची आणि म्हणून जास्त अवघड. ताकद वाढली की सोपं होतं हा बाकीच्या गेमचा समज इथे उलटा पडतो.

या गेमच्या बनवणाऱ्यांना फोन कळला होता, याचा पुरावा त्याच्या बटणांत आहे. बऱ्याच फोनांचा कीपॅड एका वेळी एकच बटण ओळखायचा. वेग देत असताना झुकायचं तर दोन बटणं दाबावी लागणार, आणि दुसरं फोनला कळणारच नाही. म्हणून त्यांनी कोपऱ्यातली बटणं जोडकामाला लावली. एक म्हणजे वेग आणि मागे झुकणं एकत्र, तीन म्हणजे वेग आणि पुढे झुकणं. सात नि नऊ ब्रेकसाठी. पर्यायांत गेलं तर सावली बंद करता येई, खोलीचा भास बंद करता येई, स्वाराचं चित्र काढून नुसत्या काड्या ठेवता येत, म्हणजे हळू फोनवरही गाडी अडखळू नये. गरिबातल्या गरीब फोनचा इतका विचार केलेला दुसरा गेम माझ्या पाहण्यात नाही. शिवाय त्याचे रस्ते एका वेगळ्या फाइलमध्ये होते; चाहत्यांनी ती उघडायची रीत शोधून काढली आणि स्वतःचे हजारो घाट, खड्डे, कडे बनवून जोडले.

आणि हे सगळं लोकांपर्यंत पोहोचलं कसं? कायद्याने बघायचं तर मोबाइल कंपन्यांच्या दुकानातून. एअरटेल लाइव्ह, हच वर्ल्ड, रिलायन्सचं आर वर्ल्ड, अशा त्यांच्या फोनवरच्या बाजारपेठा. गेमला पन्नास ते नव्व्याण्णव रुपये, थेट बॅलन्समधून. त्यातला मोठा हिस्सा मोबाइल कंपनीचा, गेम बनवणाऱ्याच्या हाती उरेल ते. एवढ्या पैशांत महिन्याचा रिचार्ज होत असताना गेम कोण घेणार? डाउनलोड अर्ध्यात तुटलं आणि पैसे मात्र कट झाले, असा अनुभव एकदा आला की पोरगा पुन्हा त्या वाटेला जात नसे.

खरी वाट एसटी स्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानातून जायची. ‘गाणी, रिंगटोन, गेम भरून मिळतील’ अशी पाटी, काउंटरमागे एक संगणक, त्यात फोनच्या मॉडेलप्रमाणे फोल्डर. दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळे. दुकानदार पोरगा फोन हातात घेताच सांगायचा, ‘याला २४० बाय ३२० लागेल.’ चुकून १७६ बाय २२० चा गेम टाकला की तो पडद्याच्या एका कोपऱ्यात खेळावा लागे, उरलेला पडदा पांढरा. जे ज्ञान आमच्या कंपनीत तक्त्यांमध्ये लिहून ठेवलं होतं ते या पोरांना तोंडपाठ होतं. एकाकडे आला की गेम ब्लूटूथने वर्गभर जायचा. ‘ब्लूटूथ ऑन कर, मारतो’ म्हटलं की दोन फोन एकमेकांना टेकवून ठेवायचे, टेकवायची गरज नसली तरी. काही फोन टाकलेला गेम पुढे पाठवू देत नसत, म्हणून गेमची जार फाइल कार्डावर वेगळी जपून ठेवायची रीत पडली. ती रीत पुढे किती मोलाची ठरणार होती, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

त्यातच चायना मोबाइल आले. मोठ्ठा आवाज, दोन सिम, नाव नोकियाच्या नावाशी जुळणारं, किंमत निम्म्याहून कमी. जावा चालतो म्हणून विकत, पण चालला तर चालला. २००९ च्या नोव्हेंबरअखेर सरकारने आयएमईआय हा ओळखक्रमांक नसलेल्या फोनची सेवा बंद करायला लावली तेव्हा असे कित्येक फोन बोलण्यापुरते मेले आणि घरातल्या लहान मुलांना कायमचे खेळायला मिळाले.

शेवट लवकर आला. २००९ मध्ये नोकियाने ओव्ही स्टोअर काढलं, २०१२ मध्ये आशा मालिकेच्या टच फोनसोबत ईए कंपनीचे ४० गेम फुकट दिले. अँड्रॉइडपुढे ते टिकलं नाही. २००६ मध्ये सुरू झालेला श्रीपेरुंबुदूरचा नोकियाचा कारखाना १ नोव्हेंबर २०१४ ला बंद झाला. २०१७ मध्ये जिओफोन आला, त्याला कीपॅड होता पण जावा नव्हता. जुनी जार फाइल त्यात निरुपयोगी. आज बाजारात मिळणाऱ्या साध्या फोनांतही गाडीचा गेम असतो, पण बऱ्याचदा थोडा वेळ फुकट खेळा आणि मग एसएमएस पाठवून विकत घ्या, या अटीवर.

आता मुद्द्याची गोष्ट. हे गेम आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. कंपन्या ते पुन्हा काढणार नाहीत, कारण खऱ्या गाड्या वापरायचे करार मुदतीचे असतात आणि संपले की संपले. अनेक लहान कंपन्या तर उरल्याच नाहीत. आम्ही एकेका गेमच्या फोनागणिक आवृत्त्या केल्या, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ कुणाच्या संगणकावर असेल असं मला वाटत नाही. जे काही उरलंय ते स्टँडसमोरच्या दुकानांमुळे आणि ब्लूटूथवर फिरलेल्या नकलांमुळे. त्या नकला बेकायदा होत्या, आमच्या पगारावर पाय देणाऱ्या होत्या, आणि त्या काळी मी त्यांच्यावर मनापासून चिडत असे. पण ज्यांनी पैसे घेतले त्यांनी काही जपलं नाही, आणि ज्यांनी फुकट वाटले त्यांच्याकडेच ते सापडतात.

गेम पुन्हा चालवणं आता अवघड नाही. अँड्रॉइडवर जे२एमई लोडर नावाचं फुकट ॲप आहे. जार फाइल उघडायची, पडद्याचं माप सांगायचं, की काचेवर कीपॅड उमटतो. खेळ चालतो, पण अंगठ्याला बटणाचा उंचवटा लागत नाही, त्यामुळे ग्रॅव्हिटी डिफाइडच्या वरच्या पातळ्यांवर मी तरी सपशेल हरतो. खरी मजा खऱ्या फोनवर. सेकंडहँड बाजारात नोकियाचा ६३०० किंवा २७०० क्लासिक अजून मिळतो. बॅटरी तेवढी बघून घ्या, फुगलेली असेल तर फोनला हातही लावू नका. २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या गरम होतात म्हणून बदलून देऊ केल्या होत्या, आणि आपल्याकडे गावोगाव लोक फोन खिशात ठेवायला घाबरत होते, ते आठवत असेल.

या दिवाळीच्या साफसफाईत कपाटातून जुना फोन निघाला, तर भंगारवाल्याला देण्याआधी एवढं करा. मेमरी कार्ड काढून संगणकाला लावा. त्यातल्या ज्या फाइलींच्या शेवटी ‘जार’ आहे त्या सगळ्या एका फोल्डरमध्ये उतरवून घ्या, सोबत त्याच नावाच्या ‘जाड’ फाइली असतील तर त्याही. फाइलीचं नाव बदलू नका. फोल्डरला फोनच्या कंपनीचं आणि मॉडेलचं नाव द्या, कारण तो गेम त्याच फोनसाठी कापून-बेतून केलेला आहे आणि ते नाव हरवलं तर तो कशावर नीट चालतो हे नंतर कळणार नाही. कार्ड जुनं झालं की वाचता येईनासं होतं, तेव्हा हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.